दोन रकाने

बिजूला गुरुवारपर्यंत तक्ता हवाय:
दोन जातींमधले फरक, मुद्देसूद, एका पानात.
म्हणून काचघरात बसलेय, वहीत उभी रेघ मारून.
बाहेर शारजा, सेहेचाळीस अंश.
आत दर चाळीस मिनिटांनी नळाचा पाऊस.

डावीकडे तांबड्या शेपटीचा.
वजन: एका दिरहमच्या नाण्याहून थोडं कमीच.
चोच सरळ, लाल, टोकाशी काळी.
त्याने जास्वंदीचं एक झुडूप धरलंय
आणि कुणाला शिवू देत नाही.
फुलपाखरू आलं तरी अंगावर जातो,
तिलकच्या टोपीवरसुद्धा.
आमचे सदूकाका असेच,
एका रातांब्यापायी अठरा वर्षं
वेंगुर्ल्याच्या कोर्टात तारखा घेत राहिले.
रातांबा वठला. दावा चालू होता.

उजवीकडे लांब चोचीचा.
रंग म्हणावा तर काथ्याचा.
चोच वाकलेली, आईच्या आदाळ्याच्या पात्यासारखी.
याचं स्वतःचं असं झुडूप नाही.
सकाळी सहाला निघतो:
हेलिकोनिया, मग केळफूल,
मग तळ्यापलीकडचं रानआलं,
एकेक घोट, त्याच वाटेने, त्याच क्रमाने.
एकदा मी कुंडी हलवली
तर रिकाम्या हवेपाशी फडफडत थांबला,
दाराची कडी वाजवून
वाट बघणाऱ्या माणसासारखा.

आबा पोस्टमन होते. निवती ते म्हापण, पायी.
मनीऑर्डर असली की लोक गूळपाणी द्यायचे,
नसली की नुसतं, 'आज काय नाय?'
त्यांच्या पिशवीत कितीतरी पाकिटांवर
इथलेच शिक्के असायचे.
मला तेव्हा ती अक्षरं वाचता येत नव्हती.

हे तक्त्यात बसत नाही. खोडलं.

खाणं: साखर एक, पाणी चार. दोघांनाही.
मध द्यायचा नाही, जिभेला बुरशी धरते.
विणीचा हंगाम: सांगता येत नाही,
इथे हंगाम भिंतीवरच्या बटणात आहे.

रात्रीची नोंद. पहिल्या रात्रपाळीत मी
ओरडून तिलकला उठवलं होतं:
तांबडा फांदीवर, चोच वर, पिसं फुगलेली,
हात लावला तर गार.
तो डोळे चोळत म्हणाला,
'मेला नाही दीदी, बचत करतोय.'
तेव्हापासून फेरीत दोघांनाही बघते,
एक जास्वंदीत, एक केळीच्या पानाखाली.
दिवसभर मोजता न येणारं काळीज
आता मोजता येईल इतकं सावकाश.
टॉर्चच्या उजेडात कोण कुठला
ते ठरवायला चोच शोधावी लागते.

आणि एक तिसरा, ज्याला रकाना नाही.
पार्किंगजवळ शमी आहे, इथे तिला घाफ म्हणतात.
तिच्यावर आपला शिंजीर,
सावलीत काळा, उन्हात जांभळा.
त्याला कुणी विमानातून आणलेलं नाही.
रोज साडेचारला काचेवर येतो,
आपल्याच प्रतिबिंबाशी भांडतो.
आतून तांबडा धावतो.
एकाच काचेवर दोन्ही बाजूंनी टकटक,
एकाला वाटतं झुडूप गेलं,
दुसऱ्याला काय वाटतं कोण जाणे.
लांब चोचीचा त्यांच्या शेजारून जातो,
थांबत नाही, त्याला पुढचं घर असतं.

बिजू, तक्ता टेबलावर ठेवलाय.
मधली रेघ खाली जाता जाता तिरकी झालीय.
पट्टी सापडली नाही.