माडी की मांडी

भोईवाड्यातल्या म्युनिसिपल शाळेत, दुसरी 'ब'च्या वर्गात,
शनिवारी तीनला आम्ही भरतो.
बाकं लहान, गुडघे हनुवटीशी येतात.
खाली गिरणीत कुणीतरी बाजरी दळत असतं
आणि मधूनमधून आमची वाक्यंही.

पुस्तक एकच. ब्रेलचं, चार खंडांत, तपकिरी कागदाचं;
मांडीवर घेतलं की पायाला मुंग्या.
तांडेलकाका वाचतात ते अजून बँकेच्या टेलिफोनवर बसल्यासारखे,
प्रत्येक पात्राला जरा थांबवून मग जोडून देतात.
रेहाना मुकादम झरझर जाते. दुखऱ्या पाठींवरून हात फिरवायची सवय,
गाठ लागली की थांबते.
गजेंद्र सगळं फोनवर दुप्पट वेगाने ऐकून आलेला;
त्याने शेवट फोडू नये म्हणून त्याच्या हाती शेंगदाणे.
यमुनाबाई पगारेंनी चाळीस वर्षं वेताच्या खुर्च्या विणल्या,
तर्जनीला घट्टा, म्हणून करंगळीशेजारच्या बोटाने वाचतात.
"याला कुणी कधी कामाला लावलं नव्हतं," म्हणतात,
"याला सगळंच नवं."

मी डोळस म्हणून येते.
भिंग, छापील प्रत
आणि मुद्रितं तपासण्याची सदतीस वर्षांची खोड घेऊन.
चहा मी ओतते, पानाचा आकडा मी सांगते,
बाहेर आभाळ कसं आहे विचारलं तर तेही.
गेलं वर्षभर आभाळ अंदाजाने.

वाद झाला एकशे बाराव्या पानावर.
सुनेने पत्र वाचलं आणि 'माडीवर ठेवलं'.
"माडी?" तांडेलकाका. "एका खोलीचं बिऱ्हाड. माडी आली कुठून?"
"मांडी असेल," रेहाना. "एवढं वाचून कुणी जिना चढत बसत नाही."
"चढतं," यमुनाबाई म्हणाल्या. "मी चढले होते."
मग बराच वेळ नुसती गिरणी.

तीन शनिवार गेले त्यात.
मध्ये एखादं टिंब दडलंय का म्हणून
जो तो तिथे बोट घाली, दाबी, नखाने खरवडी.
आता तेवढा कागद चिंचोक्यासारखा गुळगुळीत,
माडीही गेली, मांडीही.
"बाई, छापील बघा. निकाल तुमच्याकडे."

मी भिंग लावलं.
ठाकूरद्वारच्या छापखान्यात खिळे झिजलेले असायचे,
वेलांट्या मोडायच्या, अनुस्वार तर चालत्या यंत्रावर गळायचे;
फर्म्याफर्म्यातून हुडकून मी ते परत बसवायचे.
हे पुस्तक माझ्याच हाताखालून गेलंय
हे मी यांना कधी सांगितलं नव्हतं.

ओळ सापडली. म सापडला. काना.
डोक्यावर काळं काहीतरी.
मान हलवली, तेही हललं.
ड वर बसलं, समासात गेलं,
खिडकीकडे पाहिलं तर खिडकीत.
माझ्या डोळ्यांत हल्ली असे पुष्कळ अनुस्वार आहेत,
कुठल्याच शब्दाचे नसलेले.

"काय आहे?"
काहीही सांगता आलं असतं. चौघांनी मानलं असतं.
"दिसत नाही," मी म्हणाले.
"म्हणजे टिंब नाहीये?"
"म्हणजे मला दिसत नाहीये. बरेच दिवस."

गजेंद्रचं चावणं थांबलं.
"ते आम्हाला दिवाळीपासून माहीत आहे," तांडेलकाका म्हणाले.
"कप भरताना तुम्ही आता आवाजावर थांबता."

यमुनाबाईंनी खंड माझ्या मांडीवर सरकवला.
जड. चार जणांच्या तळव्यांनी कोमट झालेला.
माझं चौथं बोट चाचपून काढलं, ओळीच्या तोंडाशी टेकवलं.
"दाबू नका. खुर्ची नाही ती."

मला नुसता साबुदाणा लागला.
एवढी टिंबं, आणि एकही माझ्या ओळखीचं नाही.
"पहिलं अक्षर कुठलं?" मी विचारलं.
"घाई काय आहे," रेहाना म्हणाली,
"गाठ लागली की थांबा."

सुनेचं पत्र तिने जिथे ठेवलं तिथेच आहे.
खाली गिरणी बंद झाली होती,
पट्टा तेवढा अजून फिरत होता, हळू हळू,
आणि माझं बोट कशाला तरी अडलं.