बिनफ्यूजची वायर

रात्री साडेनऊला टो करून आणली.
शारजाच्या सनायात, मी शटर अर्धं ओढलेलं,
तेव्हा साखळीला लोंबत ती आली,
शेवरले पिकअप. छातीएवढी चाकं,
टपावर दिव्यांची रांग, नाकाशी विंच,
हॉर्न बोटीचा.
मालक हुमैद, वय चोवीस, कंदुऱ्यावर धुराचे डाग.
म्हणाला, वाळूच्या टेकडीवर चढताना
दिवे आपोआप लागले,
वायपर आपोआप फिरले,
मग धूर, तोही आपोआप.

गाडीत आपोआप काही होत नाही.
हे इस्माईल खलफे सांगायचे,
दाभोळच्या जेटीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये,
मी टेस्टर धरायला शिकत होतो तेव्हा.

बॉनेट उघडलं.
आधी वास येतो, नजर मागून पोचते.
वायरींची जुडी एकमेकींत वितळून
करपलेल्या शेवयांसारखी.
लाल कुठली, पिवळी कुठली,
सगळ्यांची एकच काळी जात झालेली.
बिष्णू, माझा हेल्पर, कटर घेऊन पुढे आला.
थांब म्हटलं.
जळलेलं कापून टाकणं सोपं.
कुठून जळायला लागलं
ते कापल्यावर कोण सांगणार?

बॅटरीची काळी वायर आधी सुटी केली.
मीटरचं एक टोक चासीला, दुसरं
एकेका करपलेल्या वायरीला.
नको तिथे मीटर ओरडला.
आम्ही अर्थिंगला नुसतं अर्थ म्हणतो.
नको तिथे अर्थ लागला की गाडी पेटते,
हवा तिथे नाही लागला
तर अंधारात उभी राहते.

अकरा वाजले. एक्केचाळीस डिग्री.
हातातून पाना निसटत होता.
मी राखेपासून मागे मागे सरकत गेलो,
आणि टर्बोच्या पायपाशी सापडली,
जाड लाल वायर, साल उतरलेली,
तांबं निळसर पडलेलं.
थेट बॅटरीवरून टपावरच्या दिव्यांना.
मधे फ्यूज नाही.
दोन दिरहमचा फ्यूज.

"कुठल्या गाढवाने केलंय हे?" हुमैद म्हणाला.
मी टॉर्च आणखी आत नेला.
जिथे आच पोचली नव्हती तिथे वायर
क्लिपने नाही, मेणाच्या दोऱ्याने बांधलेली.
दोन वळसे, तिसरा खालून,
ओढली की घट्ट, भिजली की आणखी घट्ट.
जाळं दुरुस्त करताना वडील मारायचे ती गाठ.
या गल्लीत ती दोघांना येते.
मला, आणि मी शिकवली म्हणून बिष्णूला.
आणि नऊ वर्षांपूर्वी बिष्णू शाळेत होता.

रमजानचे शेवटचे दिवस. रांगेत पाच गाड्या,
अरबाब घड्याळ बघत उभा.
ही तेव्हा पांढरी होती, मालक दुसरा.
फ्यूजचे होल्डर दुपारीच संपलेले.
उद्या बसवतो, म्हणालो होतो.
उद्या उजाडायच्या आत गाड्या गेल्या.

टर्बो नंतर कुणीतरी बसवलाय.
तसं सांगता आलं असतं,
आणि ते खोटंही नव्हतं.
बिष्णू गाठीकडे बघत होता,
माझ्याकडे बघत नव्हता.

"मैंने किया है," म्हटलं.
हुमैद हसला. मग हसायचा थांबला.
उलट्या बादलीवर जाऊन बसला.
"तो तू ही बना."

पहाटे साडेतीनपर्यंत नवी वायर,
पायपापासून हातभर लांब,
वर उष्णतेची बाही, बॅटरीशी फ्यूज.
गाठ तीच मारली. गाठीचा काय दोष?
बिलात फक्त सामान लावलं.
दिवे लावून बघितले तेव्हा समोरच्या भिंतीवर
आम्ही तिघं एवढे मोठे दिसलो
की बिष्णूने लगेच बटण बंद केलं.

गाडी गेली. अजान झाली.
हात पुसत बिष्णू म्हणाला,
उस्ताद, त्या दिवशी रांगेत पाच होत्या ना?

मी कपाटातलं खोकं काढलं.
होल्डर मोजले.
बारा आहेत.