बघायला

अर्ज एका ओळीचा होता, वहीचं पान फाडून:
"वडिलांना बघायला जायचे आहे. तीन दिवस."
खाली सही. छबूताई ऐवळे, वाइंडिंग, दुसरी पाळी.

मी रजेचा कारकून. विट्याच्या सूतगिरणीत
एकोणीस वर्षं लोकांची दुखणी रकान्यांत बसवतो.
बाळंतपण बसतं, मोडलेलं हाड बसतं,
तेराव्यालासुद्धा एक जागा आहे.
कौटुंबिक आजारपणाची रजा, नियम बावीस, पोटकलम क:
'कुटुंबातील व्यक्तीच्या शुश्रूषेसाठी.'

बघायला, असं तिथं कुठंच नाही.

कुटुंब म्हणजे कोण, तेही छापलंय:
नवरा, मुलं,
आणि कामगारावर अवलंबून असलेले आईबाप.
तिला बोलावलं. भुवईवर कापूस घेऊन ती आली.
वडील काय करतात?
"कालव्यावर पाटकरी होते. पेन्शन हाय."
म्हणजे अवलंबून नाहीत.
"न्हाईत. उलटं दर दिवाळीला मलाच साडी घेत्यात."
आणि आता?
"आता कूस बदलायला बी भाऊ लागतोय."

भाऊ आहे, म्हणजे बघणारा आहे,
मी बोलून गेलो, आणि जीभ तिथंच अडली.
आपल्याकडं पोरगी बघतात, बैल बघतात,
पण म्हाताऱ्या माणसाबद्दल कुणी विचारलं,
"त्यांना बघतं कोण?"
तर तो काही डोळ्यांबद्दल बोलत नसतो.

दुधोंडी काय लांब नाही, म्हटलं, रविवारी जाऊन या की.
"गेलते. दोन तास बसले. दोन तासात काय कळतंय?"

मग ताई, 'बघायला' खोडा,
'शुश्रूषेसाठी' लिहा. माझं काम सोपं होईल.

"खोटं कसं लिव्हू?
हगणं-मुतणं सगळं भावजय काढती.
मी नुसती बसणार जाऊन.
तोंड वाकडं झालंय, शब्द फुटत न्हाई,
फोनवर नुसतं ऊं ऊं करत्यात.
बसलं जवळ, तर कळंल काय म्हणायचंय ते."

भोंगा झाला. ती पाळीवर गेली.
पाचपर्यंत शेरा हवा होता.
कपाटात आधीच्या मॅनेजरनं टाकून दिलेला शब्दकोश,
'अ'ची पानं वाळवीनं खाल्लेली.
'श' शाबूत.

शुश्रूषा: मूळ अर्थ, ऐकण्याची इच्छा.
सेवा, चाकरी, हे नंतरचं.

दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

असलं काही शेऱ्यात लिहिता येत नाही.
मी लिहिलं, 'अर्जदार शुश्रूषेसाठी जात आहे.
नियमात बसते. मंजुरीस हरकत नसावी.'
अवलंबून: होय.
कोण कुणावर, याला रकाना नव्हता.

साहेबांनी तीनाचे दोन केले,
तिसरा दिवस बिनपगारी.
का, ते त्यांनी लिहिलं नाही.
मीही विचारायला गेलो नाही, पुढच्या महिन्यात माझी बढती होती.

चौथ्या दिवशी ती हजेरीपटावर सही करायला आली.
पदराला दुसऱ्या घरच्या चुलीचा वास.
कसे आहेत वडील?
"हायत तसंच."
आणि काय म्हणत होते, कळलं का?
ती हसली, की हसण्याच्या बेतात होती.
"पंखा.
पंखा बंद करा म्हणत होते. थंडी वाजत होती.
अकरा दिवस."

तिसऱ्या दिवसाच्या चौकोनात
लाल शाईनं 'बि.प.' लिहिलं,
आणि मान वर करून
आमच्या टेबलावरचा पंखा
उगाच एकदा बघितला.