तीनशे अठरा

सोमवारी चहाच्या सुट्टीत नोटीस बोर्डावर कागद लागला:
फायनल इन्स्पेक्शन, जागा एक.
इच्छुकांनी सही करावी. सेवाज्येष्ठतेनुसार.

बसून काम, असं कुणी लिहिलं नव्हतं,
सगळ्यांनी वाचलं मात्र तेच.

चोवीस वर्षं मी टेम्पोला दारं बसवतोय.
डावं दार, चार बोल्ट, एक गुडघा जमिनीला.
गुडघा आता बिजागरीसारखाच वाजतो
आणि त्याला ग्रीस चालत नाही.

इन्स्पेक्शनला पांढरे हातमोजे,
आठ ट्यूबलाइटी, उंच स्टूल, लाल खडू.
खडूचा गोल काढला की गाडी मागं फिरते,
मग बसवणारा साहेबाचा मेव्हणा का असेना.

(मेव्हण्याचं उगाच म्हटलं नाही.
पूर्वी ते स्टूल मेव्हण्यांचंच होतं.
चिंचोळीच्या उन्हात एकेचाळीस दिवस गेटवर बसलो,
तेव्हा कलम मिळालं: आधी आला त्याचा हक्क आधी.
कलमाचं अक्षर माझं. कार्बनची खालची प्रत
अजून घरी ट्रंकेत.)

वडील मिलमध्ये फोल्डिंगला होते.
डोळे मिटून चादरीवरून तळहात फिरवायचे,
तुटका धागा बोटाला सांगायचा, इथंय मी.
घरी भाकरीवरूनही हात तसाच फिरायचा,
आई तेलुगूत ओरडायची, पास का फेल ते सांगा एकदाचं.
तो हात मला आलाय असं मला वाटतं.
कंपनीत कुणी विचारलं नाही.

सही केली. टोकन तीनशे अठरा.
गुरुवारपर्यंत कागदावर मी एकटाच,
इन्स्पेक्शनला ओव्हरटाइम नाही ना.
बायको काही बोलली नाही,
गुडघ्याच्या तेलाची बाटली तेवढी तिनं
वरच्या फळीवर सारली.

शुक्रवारी, कागद काढायच्या तासभर आधी,
पेंटशॉपच्या गुरप्पा हत्तुरेनं सही केली.
तीनशे सतरा.

तो माझ्या आधी आला म्हणजे काय, तर
भरतीच्या रांगेत पुढं मीच होतो.
त्याच्याकडं पेन नव्हतं.
"दे की बे, तेवढी सही मारतो," म्हणाला,
माझ्याच पाठीवर कागद धरून मारली,
आणि खिडकीतल्या माणसानं हाताला लागला तो कागद आधी घेतला.
चोवीस वर्षं तो एक आकडा कुठंच दिसला नाही.
पगार सारखा, बूट सारखे, कँटीनची इडली सारखीच कच्ची.

म्हटलं, तुला कशाला रे इन्स्पेक्शन,
डाव्या डोळ्यात पडदा आलाय तुझ्या.
"म्हणूनच बे," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतो, पेंट सोड."
मग हळूच, "कलम आहे ना अजून?"
आहे, म्हटलं.

तो रिटायर झाल्यावर माझा नंबर, असंही नाही.
शाळेत घालताना मास्तरांनी दोघांनाही
एक जून लावला. साल तेच.
शाळा वेगळ्या, मास्तर वेगळे,
जून एकच.

आज त्याचा पहिला दिवस.
अकराच्या सुमाराला एक गाडी मागं आली.
डाव्या दारावर लाल गोल, जरा वाकडाच.
शिव्या घालत वाकलो. फट बरोबर. रंग स्वच्छ.
मग डोळे मिटून तळहात फिरवला.
बिजागरीच्या खाली, केसभर, उंचवटा.

याला दिसलं कसं?
काचेपलीकडं पाहिलं. गुरप्पा स्टूलवर,
पुढच्या गाडीची वाट बघत,
उजवा हातमोजा काढून मांडीवर ठेवलेला.