शेरा

नमुना क्रमांक चौदाशे बारा.
विश्वामित्रीचा काठ, कमाटीबागेच्या मागचा उतार,
एकच बेट. फूल नाही, फळ नाही.
वहीत खाली पेन्सिलीने: पाण्यात मगर.
परसोत्तमभाई काठी घेऊन उभे,
मगरीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ.

बांबूच्या फुलाची वाट बघत बसलं
तर अर्धी नोकरी सरते.
म्हणून आम्ही खोळी वेचतो.
कोंब उंच झाला की गळून पडते ती,
गाय हुंगून पुढे जाते ती.
तिला दोन कान असतात, एक जीभ,
पाठीवर काळपट लव. ती बोटांत शिरते
आणि रात्री वरणभात कालवताना बोलू लागते.
कान ठळक की नाममात्र,
जिभेला झालर आहे की नाही,
एवढ्यावर मी नाव दिलं.
पुढे प्रश्नचिन्ह टाकलं नाही.
चौतीस वर्षांची होते.

वाडीत टोपल्या विणायच्या जेमलीबेन कोटवाळिया.
त्यांना एक कांडं दाखवलं.
त्यांनी कोयता टेकवला, चिरलं, थांबल्या.
"आ ए नथी.
तो चिरताना रडतो. हा खोकतो."
मी हसले. तरी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
स्थानिक विणकर असहमत.
दिघेसर म्हणाले, हर्बेरियम आहे की दवाखाना?

मग एकतीस वर्षं डांबरगोळ्या.
एका पुरात पाणी तिसऱ्या कप्प्यापर्यंत चढलं,
चौदाशे बारा पाचव्यात होता.

या मार्चमध्ये बागेतून फोन:
बेन, तमारो वांस सुकाय छे.
गुडघ्यांना समजावत उतरले.
पान एक नाही. नुसत्या काठ्या,
आणि पेरापेरावर काटेरी गुच्छ,
त्यांतून लोंबणारं पिवळं, मधमाश्यांनी हलणारं.

जेवणाच्या टेबलावर सुईने कणीस उकललं.
सुनेने मोबाईलचा उजेड धरला.
पुंकेसर सहा. बरोबर.
पण तंतू सुटे हवे होते.
हे एकमेकांना चिकटलेले, एक बारीक नळी झालेले.
पुन्हा दुसरं उकललं. मग अकरावं.
सून म्हणाली, आई, वरण गार होतंय.

जुनं लेबल फाडायचं नसतं.
शेजारी चिठ्ठी चिकटवायची: नवं नाव, तारीख, सही.
माझ्याच सहीशेजारी माझी सही,
पहिली किती ताठ होती.

जेमलीबेनच्या जागी आता मोबाईलची कव्हरं विकतात.
कुणाला माहीत नाही. व्याराला गेल्या असतील, म्हणाले.

बेट तोडायला माणसं आली तेव्हा
एक काठी मागून घेतली.
गच्चीत बसून विळी लावली, दाबली,
मग वरवंट्याने ठोकलं.
काठी जशीच्या तशी.
कट्ट असा आवाज झाला,
तो माझ्या मनगटाचा.