दर नग

रबाळ्याच्या एमआयडीसीत, पाइपलाइनच्या अलीकडे,
आम्ही दुचाकीच्या दिव्यामागचा ब्रॅकेट बनवतो.
दोन भोकं, एक वाक. बसवल्यावर कुणाला दिसत नाही.
एकोणीस वर्षं मी त्याचा दर काढते:
पत्रा, वीज, तेल, खोका, टेम्पो,
मजुरी.
माझा पगार मजुरीत नाही.
मी ‘इतर खर्चा’त येते,
फिनेल आणि पंख्याच्या दुरुस्तीसोबत.

तीन वर्षांचा करार जूनमध्ये संपला.
दत्ताराम घरत साडेचार हजार वाढ मागतो,
किरीटभाई बावीसशेवर अडलेत.
दोघंही मलाच म्हणाले,
बाई, तुम्ही काढा, तुमचे आकडे खोटं बोलत नाहीत.
नाही बोलत.
पण गप्प बसतात, तेवढंच.

बासष्ट माणसं, महिन्याला पावणेपाच लाख नग.
घरतचं म्हणणं नगामागे एकोणसाठ पैसे,
किरीटभाईंचं एकोणतीस.
मधे तीस पैसे.
रस्त्यात पडले तर कुणी वाकणार नाही
एवढ्यावर तीन आठवडे चहा थंड झाला.

घरतच्या वहीत घणसोलीचं खोलीभाडं,
मुलीची अकरावी, आईचं डायलिसिस, रिक्षा.
किरीटभाईंच्या वहीत वीजबिलाचा स्थिर आकार,
चाकणच्या गिऱ्हाइकाची अट: दर वर्षी दोन टक्के उतरा,
आणि एक छापील ईमेल:
हायफाँगचा कारखाना हाच नग नऊ ऐंशीला देतो,
न्हावा-शेव्याला पोचवून.
आमचा अकरा वीस.
दोन्ही वह्या खऱ्या होत्या.
एक जरी खोटी असती
तर मी साडेपाचला घरी गेले असते.

कॅन्टीनच्या टीव्हीवर कुणी सुटातला सांगत होता,
वेतन वाढावं, पण देशाची स्पर्धात्मकता जपून.
शेवंताबाई डब्यातली सुकट बाजूला सारून
तो शब्द जिभेवर फिरवून पाहत राहिल्या:
स्पर्धा, स्पर्धात, स्पर्धातम...
“दात पडतील गो,” म्हणाल्या, आणि भात कालवला.
मग सहज, उठता उठता:
“तीन नंबरची डाय बोथट झालीय.
दोन वरसं बोलतंय मी. कोन आयकतं?”

तीन नंबरचा प्रेस जिथे उभा आहे
तिथे त्यांच्या सासऱ्यांचं शेत होतं.
त्या जागेचं त्यांना सगळं कळतं.

मी खाली गेले. टोपली उपसली.
शंभरातले सहा नग काठाला फाटलेले.
भंगाराचा भाव वजा करून
नगामागे बावीस पैसे.
तीस नाही. बावीस.
एकोणीस वर्षं मी दर काढतेय
आणि टोपलीत हात पहिल्यांदा घातला.

नवी डाय एक लाख ऐंशी हजार.
किरीटभाईंनी चष्मा पुसला, मुलाला फोन केला,
कुठली तरी ठेव मोडायचं ठरलं.
घरत बाहेर जाऊन माणसांशी बोलून आला,
परत गेला, परत आला.
चौतीसशेवर सह्या झाल्या.
कुणी पेढे आणले नाहीत.
कंत्राटावरचा अर्जुन साहू दारात उभा राहून ऐकत होता.
त्याचं नाव बासष्टात नाही,
म्हणून माझ्या भागाकारातही नव्हतं.

आता नवा दर अकरा बेचाळीस.
चाकणला हवा दहा अठ्ठ्याण्णव.
संध्याकाळी किरीटभाई हळू आवाजात म्हणाले,
“बाई, इतर खर्चातून काही निघतंय का बघा.”

हायफाँगलाही असेल अशीच एक बाई,
तिच्या टेबलावर भलत्याच गावाचा दर,
तिलाही कुणी हळू आवाजात सांगितलं असेल.

मी ओळी वरून खाली वाचल्या.
पंख्याची दुरुस्ती खोडली.
पुढच्या ओळीवर पेन टेकवून
थोडा वेळ थांबले.
बरंच उकडत होतं.