द्वादशीची चौकट

अप्पा बळवंत चौकामागच्या बोळात
पुढचं वर्ष जूनमध्येच छापायला लागतं.
मी प्रुफं तपासते.
तिथी, नक्षत्र, प्रदोष, भद्रा,
दिवाळी हाताला लागते तेव्हा तिची शाई ओली असते.

बा आहुप्याहून आलाय, मोतीबिंदूला.
एका डोळ्यावर हिरवी झापड,
आणि दुसरा माझ्या खोलीत मावत नाही.

त्याला महिने येतात, पण नावानं नाही.
झुबका मावळतीला बुडाला
की राब भाजून झालेले पाहिजेत.
मग महिनाभर तो दिसतच नाही,
उन्हानं पोटाशी घेतलेला असतो.
एका पहाटे उगवतीच्या टेपावर पुन्हा निघतो,
धुवून काढल्यासारखा.
त्या दिवशी बी बाहेर.
नाचणीच्या राखणीला माळ्यावर
तिकांडं डोक्यावर आलं की पाळी बदलायची,
डुकरांना हे ठाऊक असावं.
अधिक महिन्याचं त्याला गणित नाही.
एवढंच म्हणतो :
औंदा चांद मागं राहिलाय,
थांबा त्याला.

रात्री पोळी लाटता लाटता
मी आश्विनाचं पान वाचून दाखवलं.
"वद्य बारशीला काय लिवलंय?"
वसुबारस.
"आन् वाघ?"
वाघबारस नाही, बा. चौकट लहान असते, बसत नाही.
तो झापडीखालून हसला.
"गाय बसलीया तिथं. वाघ कसा बसंल?"

मला शेंदूर आठवला,
वाघोबाच्या दगडाखाली चुलीवरची खीर,
आणि वाघ झालेला माझा भाऊ,
गुराख्यांनी पार ओढ्यापर्यंत पिटाळलेला,
खरंच रडत.

दुसऱ्या दिवशी सहा पॉइंटात
गायीच्या शेपटीखाली मी तो शब्द घातला.
पेंडसे काकांनी खोडला नाही.
तांबड्या पेन्सिलीनं शेजारी लिहिलं : संदर्भ?
मी बराच वेळ पेन धरून बसले.
मग लिहिलं, हैबती भागा लोहकरे, आहुपे.
पान अजून त्यांच्या टेबलावर आहे,
वर पेपरवेट.

आज चारला जाग आली तर अंथरूण रिकामं.
बा गच्चीवर, पाण्याच्या टाक्यांच्या मध्ये,
हडपसरकडे तोंड करून.
तिकडे नारिंगी उजेड, एक क्रेन,
टॉवरचा लाल दिवा.
मी म्हटलं, इथून नाही दिसत कुणालाच.
आणि तुझा डोळा...

"आला," म्हणाला तो.

मी पाहिलं. पुन्हा पाहिलं.
खाली दूधवाल्यानं क्रेट आपटले.

बा पिशवी भरायला लागला होता,
थेंबांची बाटली, टॉवेल, न वाचलेला केसपेपर.
शिवाजीनगरहून पहिली यष्टी कितीला,
हे मात्र त्यानं मलाच विचारलं.